बॅग यंत्राला दिसेल अशी भरा : विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीची तयारी

सुरुवातीच्या विमानप्रवासांत माझी बॅग जवळजवळ दर वेळी बाजूला काढली जायची. माझ्या मागचे लोक सामान उचलून निघून जायचे आणि मी मात्र टेबलापाशी अनवाणी उभी. समोर हातमोजे घातलेला कुणी अनोळखी माणूस माझे कपडे एकेक करून बाहेर काढतोय, आणि रांगेतले सगळे ते बघताहेत. राग यायचा, लाज वाटायची. माझ्या तोंडावर काही लिहिलंय का, असा प्रश्न पडायचा. शेवटी एकदा तपासणीच्या बाईंना विचारलंच, की नेहमी माझीच बॅग का हो? त्या म्हणाल्या, "चार्जर, पुस्तकं आणि धातूची बाटली तुम्ही एकावर एक रचलीय. आम्हाला तिथे नुसता काळा डाग दिसतो. दिसलं नाही की उघडायचं, एवढंच."

तोवर मी बॅग माझ्या सोयीने भरत होते. तेव्हापासून यंत्राला दिसेल अशी भरते आणि बॅग उघडावी लागण्याचे प्रसंग फार कमी झालेत. पहिल्यांदाच विमानाने निघालेल्यांसाठी, किंवा दर वेळी चिडून बाहेर पडणाऱ्यांसाठी, हे सगळं क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नियम देशागणिक बदलतात, विमानतळागणिक बदलतात, आणि यंत्रं वेगळी असतील तर एकाच विमानतळावरच्या दोन रांगांतही बदलतात. "मागच्या वेळी तर चाललं होतं" या वाक्याने आजवर कुणाचंही काम झालेलं मी पाहिलेलं नाही.

१. आधी समजून घ्या : पडद्यावर काय दिसतं

क्ष-किरण यंत्र वस्तूंचा आकार दाखवतं, आणि ती वस्तू साधारण कशाची बनलीय याचा अंदाज रंगाने देतं. बहुतेक यंत्रांत कागद, कापड, प्लॅस्टिक, साबण, खाण्याचे पदार्थ असं सगळं सेंद्रिय नारिंगी दिसतं. धातू निळे दिसतात. या दोन्हींच्या मधलं हिरवं. किरण आरपार जाऊच शकत नाहीत तो भाग काळा.

गोम अशी आहे, की स्फोटकंही बहुतेक कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच बनलेली असतात, म्हणजे तीही नारिंगीतच मोडतात. आता जाड पुस्तकांची चळत, साबणाच्या वड्या किंवा मेणबत्त्यांचा खोका डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर तो एक घट्ट नारिंगी ठोकळा असतो. त्याला चिकटून वायरींचं भेंडोळं आणि बॅटरी असेल, तर पडद्यासमोर बसलेल्या माणसाने पट्टा थांबवला नाही तरच नवल.

त्या माणसाकडे एका बॅगेसाठी जेमतेम काही सेकंद असतात. डोळे शिणतात म्हणून साधारण वीस मिनिटांनी पडद्यासमोरचा माणूस बदलण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. शिवाय तो झोपला नाहीये ना, हे तपासायला संगणकच अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटी बंदूक किंवा खोटा बॉम्ब घुसडतो. त्याने तो ओळखून बटण दाबायचं असतं. पट्टा मध्येच थांबून लगेच सुरू झाला, तर तुमच्या बॅगेत काहीच चुकलेलं नसण्याचीही शक्यता आहे.

२. आदल्या रात्री : बॅग आधी रिकामी करा

भरण्याआधी बॅग उलटी करून झटका. हसू नका, बहुतेक भानगडी इथेच सुरू होतात. ऑफिसला किंवा ट्रेकला वापरलेली पाठीवरची पिशवी तशीच उचलली जाते आणि तिच्या तिसऱ्या चोरकप्प्यात फळं कापायची सुरी, पान्हा, लायटर किंवा कटरचं पातं असतं. "मला माहीतच नव्हतं" हे खरं असतं, पण पडद्यावर खरंखोटं दिसत नाही, सुरी दिसते.

मग सामानाचे तीन भाग करा.

काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत: कात्री, सुऱ्या, हत्यारं, खेळाच्या बॅटी आणि काठ्या, मोठ्या बाटल्यांतलं तेल-शाम्पू.

हातातल्या बॅगेत: ओळखपत्र, औषधं, पैसे, दागिने, सगळ्या सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक, लॅपटॉप, कॅमेरा, आणि एक जोड कपडे.

घरीच: फटाके, पेट्रोल किंवा स्पिरिटसारखं पेटणारं काही, मिरपुडीचा स्वसंरक्षण फवारा (बऱ्याच देशांत तो कुठल्याच बॅगेत चालत नाही), आणि हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल. मुलांच्या पिशव्या तुम्ही स्वतः तपासा. मुलांनी "मी सगळं काढलंय" असं सांगितलं तरी.

कात्रीबद्दल अनेकांचा वाद होतो. युरोपात ६ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याची कात्री हातातल्या बॅगेत चालते, इतर काही देशांत कुठलीच चालत नाही. एवढ्याशा वस्तूसाठी जोखीम कशाला, मोठ्या बॅगेत टाका.

३. द्रव पदार्थ : सगळ्यात जास्त भांडणं इथे

हा नियम कुठून आला ते माहीत असलं की चिडचिड थोडी कमी होते. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं, शीतपेयांच्या बाटल्यांतून नेलेल्या द्रव स्फोटकांनी आकाशातच उडवायची, असा तो बेत होता. सुरुवातीला तर हातातून जवळजवळ काहीच नेऊ देत नव्हते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत १०० मिलिलिटरचा नियम आला आणि पुढे तो जगभर पसरला.

नियम असा: प्रत्येक डबी-बाटली जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची, आणि त्या सगळ्या मिळून साधारण एक लिटरच्या, पारदर्शक, बंद होणाऱ्या एका पिशवीत. एका माणसाला एक पिशवी.

यात तीन खड्डे आहेत.

पहिला: मोजतात ती बाटली, आतला माल नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी दोन थेंब उरलेले असले तरी ती अडवतात. आत किती आहे हे मोजत बसायला कुणाकडे वेळ नसतो, बाटलीवर छापलेला आकडा वाचता येतो.

दुसरा: "द्रव" या शब्दाचा अर्थ तिथे आपल्या शाळेतल्या विज्ञानापेक्षा बराच ऐसपैस आहे. ओतता येतं, पिळता येतं, फवारता येतं किंवा चोपडता येतं, ते सगळं द्रव. टूथपेस्ट, केसांचं जेल, डिओडरंट, लिपग्लॉस, मस्कारा, मध, जॅम हे सगळं त्यात आलं. आत पाणी असलेला, हलवला की बर्फ पडणारा शोभेचा काचेचा गोळासुद्धा.

तिसरा: तपासणीनंतर विमानतळाच्या आतल्या दुकानातून घेतलेली मोठी बाटली. दुकानदार ती छेडछाड दिसून येईल अशा सीलबंद पिशवीत देतो आणि आत पावती ठेवतो. ती पिशवी शेवटच्या विमानतळावर पोचेपर्यंत फोडायची नाही. मध्ये विमान बदलायचं असेल आणि तिथे पुन्हा तपासणी होणार असेल, तर फोडलेल्या पिशवीतली बाटली गेलीच म्हणून समजा.

औषधं, तान्ह्या बाळाचं दूध आणि पथ्याचं द्रव अन्न यांना सवलत असते. प्रवासाला पुरेल इतकं, १०० मिलिलिटरपेक्षा जास्तही नेता येतं. मात्र ते वेगळं काढून, आपण होऊन आधी सांगायचं. बॅगेच्या तळाशी सापडलं की तेच औषध लपवल्यासारखं दिसतं. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि औषध मूळ पाकिटातच असू द्या.

पाण्याची बाटली रिकामी करून न्या, आत गेल्यावर भरा. रांगेत उभं राहून अर्धा लिटर पाणी घटाघटा पिणाऱ्यांची मला नेहमी दया येते, कारण मीही ते केलंय, आणि मग विमानात पट्टा सोडायची परवानगी मिळेपर्यंत काय हाल होतात तेही मला ठाऊक आहे.

आता नवीन यंत्रांबद्दल. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी, बॅगेचं सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारं चित्र देणारी यंत्रं बऱ्याच विमानतळांवर आली आहेत. तिथे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही, काही ठिकाणी दोन लिटरपर्यंतच्या बाटल्याही चालतात. पण यावर विसंबू नका. युरोपीय संघाने अशा यंत्रांवर मोठ्या बाटल्यांना दिलेली मुभा १ सप्टेंबर २०२४ पासून मागे घेऊन पुन्हा १०० मिलिलिटरवर आणली होती, आणि २०२५ मध्ये काही ठरावीक यंत्रांना ती परत मिळाली. प्रवासी नेमका इथे गोंधळतो: जाताना बाटली चालली, येताना दुसऱ्या विमानतळावर तीच कचऱ्यात गेली. तुमच्या पूर्ण प्रवासात जितके विमानतळ आहेत, त्यांतल्या सगळ्यात कडक विमानतळाच्या हिशेबाने भरा.

पावडरीकडेही लक्ष असू द्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे शीतपेयाच्या डब्याएवढी पावडर हातातल्या बॅगेत असेल तर ती वेगळी तपासतात, आणि समाधान झालं नाही तर नेऊ देत नाहीत.

४. बॅटऱ्यांचं गणित

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. कारण सरळ आहे. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात ती पेटली तर कळेपर्यंत उशीर होतो.

मर्यादा वॉट-अवरमध्ये सांगितलेली असते आणि पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते मिलिअँपिअर-अवर. म्हणून लोक गोंधळतात. हिशेब असा: मिलिअँपिअर-अवरला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. आतल्या बॅटरीचा व्होल्ट बहुधा ३.७ असतो. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची झाली. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा काही विचारत नाहीत. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. ३०,००० ची पॉवर बँक १११ वॉट-अवरची होते, तेव्हा विकत घेतानाच विचार करा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: पॉवर बँकेवरचा छापील मजकूर घासून पुसला गेला असेल तर ती अडवली जाऊ शकते, कारण मग ती किती क्षमतेची आहे हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आणि किती पॉवर बँका न्यायच्या, विमानात त्या वापरायच्या की नाही, यावर विमान कंपन्यांनी अलीकडे आपापली बंधनं घातली आहेत. तिकिटासोबत आलेली ती कंटाळवाणी पानं तेवढ्यासाठी तरी वाचा. ऐनवेळी हातातली बॅग मोठ्या सामानात टाकायला सांगितली, तर त्याआधी पॉवर बँक आठवणीने काढून घ्यायची.

५. बॅग रचण्याची रीत

हेच या लेखातलं मुख्य काम, आणि याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

जाड आणि जड वस्तू एकावर एक ठेवू नका, शेजारी शेजारी ठेवा. पुस्तकं एका बाजूला, चार्जर आणि वायरी दुसऱ्या बाजूला, मधे कपडे. वायरी गुंडाळून एका पारदर्शक पिशवीत ठेवा. त्या बॅगभर पसरल्या की चित्रात जाळं दिसतं. नाणी पाकिटात एका जागी. लॅपटॉप आणि द्रवांची पिशवी सगळ्यात वर किंवा बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे रांगेत उभं असताना अख्खी बॅग उपसावी लागत नाही.

लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात, याचं उत्तरही त्या काळ्या डागातच आहे. त्याची बॅटरी आणि आतले दाट भाग त्याच्या खालच्या वस्तू झाकून टाकतात. एकट्या ट्रेमध्ये ठेवला की लॅपटॉप नीट दिसतो आणि बॅगही नीट दिसते. लॅपटॉप, टॅबलेट थोडे चार्ज असू द्या, कारण कधीकधी सुरू करून दाखवायला सांगतात.

भेटवस्तू कागदात गुंडाळून, रिबिनी लावून नेऊ नका. शंका आली तर फाडावं लागतं. जुन्या पद्धतीचा फिल्मचा कॅमेरा वापरणाऱ्यांनी फिल्म वेगळी काढून हाताने तपासायची विनंती करावी. नवीन सीटी यंत्रात ती एका फेरीतही खराब होऊ शकते. मोबाइलला, मेमरी कार्डला आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंना या यंत्रांमुळे काही होत नाही.

६. अंगावर काय घालायचं

कमीत कमी धातू. रुंद बकलचा पट्टा, धातूची बटणं लावलेलं जाकीट, डझनभर पिना लावलेला अंबाडा, घोट्याच्या वर जाणारे जाड तळव्याचे बूट हे सगळं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. पटकन निघणारे बूट आणि पायात मोजे असू द्या, त्या फरशीवरून दिवसभर हजारो लोक चालून गेलेले असतात.

बुटांची भानगड डिसेंबर २००१ पासूनची. पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला होता. तो फसला, पण अमेरिकेत पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना बूट काढावे लागले. जुलै २०२५ मध्ये ती सक्ती उठवली. इतर देशांत मात्र सांगतील तसं करायचं.

खिशांबद्दल नीट ऐका. धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना खिशातला कागद खपून जातो. पण हात वर करून ज्यात उभं राहायचं, त्या स्कॅनरला धातूच लागतो असं नाही. शरीरावर जे काही वेगळं चिकटलेलं आहे ते तो दाखवतो: रुमाल, बोर्डिंग पास, औषधाची पट्टी, इतकंच काय घामाने चिकटलेला कपडासुद्धा. तेव्हा खिसे रिकामे म्हणजे पूर्ण रिकामे.

या स्कॅनरविषयी दोन भीती असतात. एक किरणांची. सध्या सर्रास वापरात असलेले स्कॅनर मिलिमीटर लहरींवर चालतात, त्यात क्ष-किरण नसतात. दुसरी भीती, की आतलं शरीर कुणाला तरी दिसतं. जुन्या काही यंत्रांबाबत ती खरी होती, अमेरिकेतल्या विमानतळांवरून तशी यंत्रं २०१३ मध्ये काढली गेली. आता पडद्यावर सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज बाहुली असते आणि संशयाच्या जागी एक चौकोन उमटतो.

७. रांगेत आणि ट्रेपाशी

ओळखपत्र आणि बोर्डिंग पास हातात. घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, पाकीट, नाणी हे सगळं रांगेत असतानाच बॅगेच्या एका कप्प्यात टाका आणि चेन लावा. ट्रेमध्ये सुटं काही ठेवू नका. सुट्या वस्तूच विसरल्या जातात.

तुमचा शेवटचा ट्रे यंत्राच्या तोंडात जाईपर्यंत तुम्ही चौकटीकडे जायचं नाही. मागून कुणी कितीही घाई केली तरी. पलीकडे पोचल्यावर तुमचं सामान कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

एकदा माझ्यापुढच्या गृहस्थांनी माझा लॅपटॉप उचलला आणि चालू लागले. त्यांची काही चूक नव्हती, दोन्ही अगदी सारखे, करड्या रंगाचे. मी ओरडले तेव्हा त्यांना आपला मागच्या ट्रेमध्ये दिसला. तेव्हापासून माझ्या लॅपटॉपवर एक भडक, खरं तर कुरूप, स्टिकर आहे.

आणि विनोद नको. "बॉम्ब नाहीये हो त्यात" हे वाक्य हसत म्हटलं तरी तिथे ते गांभीर्यानेच घ्यावं लागतं. विमान चुकणं ही त्यातली सगळ्यात स्वस्त शिक्षा.

८. बाजूला बोलावलं तर

घाबरू नका, आणि वाद घालू नका. बऱ्याचदा निवड यंत्रच करतं: चौकट वाजलेली नसतानाही अधूनमधून दिवा लागतो आणि त्या माणसाची जास्त तपासणी होते. अमेरिकेच्या प्रवासात बोर्डिंग पासवर चार वेळा "एस" छापलेलं असेल, तर जादा तपासणी ठरलेलीच आहे असं समजून तासभर लवकर जा.

हातावरून किंवा बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात, ती स्फोटकांचे कण शोधण्यासाठी. काही सेकंदांत निकाल येतो. हे यंत्र फार तिखट आहे आणि कधीकधी भलत्यालाच धरतं. ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम, बागेतलं खत, हृदयरोगाची नायट्रोग्लिसरीनची गोळी, यांच्यामुळेही ते वाजू शकतं. माझ्या बाबतीत क्रीमने घात केला होता. वीस मिनिटं गेली, तीन वेळा पट्टी फिरली, बॅग पूर्ण रिकामी झाली. आता मी हात धुते आणि क्रीम विमानात बसल्यावर लावते.

अंगझडती घ्यायची असेल तर बहुतेक देशांत तुम्हाला काही गोष्टी मागता येतात: तुमच्याच लिंगाची व्यक्ती, आडोशाची खोली, आणि सोबत तुमचं माणूस. शांतपणे आणि स्पष्ट मागा. पगडी, हिजाब किंवा डोक्यावरचं वस्त्र सगळ्यांसमोर उतरवायची वेळ आली तर हीच खोलीची मागणी करा. दुखरा भाग, टाके, पोटाला लावलेली पिशवी असं काही असेल तर हात लावण्याआधी सांगा.

पेसमेकर असलेल्यांनी त्याचं कार्ड दाखवावं. हातातलं धातू शोधायचं यंत्र छातीवर धरून ठेवू नका, असं सांगितलेलं बरं. इन्सुलिन पंप आणि साखर मोजणारे सेन्सर वापरणाऱ्यांनी त्या कंपनीच्या सूचना वाचून जाव्यात. बऱ्याच उपकरणांना क्ष-किरण यंत्रातून घालायला मनाई असते. गुडघ्यात किंवा कमरेत धातू बसवलेला असेल तर चौकट वाजणारच, डॉक्टरांचं पत्र असलं तरीही. पत्राने समजावणं सोपं होतं, झडती टळत नाही.

या सगळ्यात एक डोळा आपल्या सामानावर ठेवा. तुम्ही बाजूला आणि तुमचं पाकीट पट्ट्याच्या टोकाला, असं झालं तर "माझं सामान दिसेल अशा जागी घ्या" असं म्हणायला संकोच करू नका.

९. एखादी वस्तू अडवली तर

त्यांनी "हे जाणार नाही" म्हटलं म्हणजे ती लगेच कचऱ्यातच जाते असं नाही. वेळ हाताशी असेल तर परत काउंटरवर जाऊन ती मोठ्या बॅगेत टाकता येते का विचारा. सोडायला आलेलं कुणी बाहेर थांबलं असेल तर त्यांच्या हाती देता येते. काही विमानतळांवर टपालाने घरी पाठवायची किंवा सामान ठेवायची सोय असते.

माझी एक छोटी नक्षीदार कात्री अशी गेली. आज्जीची होती. विमान सुटायला पंचवीस मिनिटं होती, बाहेर कुणी नव्हतं, आणि मी ती स्वतःच्या हाताने त्या पारदर्शक डब्यात टाकली. त्या डब्यात तेव्हा निदान चाळीस-पन्नास कात्र्या होत्या. ज्या वस्तूच्या मागे आठवण आहे आणि जिला टोक, धार किंवा बाटली आहे, ती हातातल्या बॅगेत ठेवू नका.

१०. मध्ये विमान बदलताना

"एकदा तपासलंय की, पुन्हा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की दुसऱ्या देशाने केलेली तपासणी आपल्या तोडीची आहे असं मान्य करण्याचे करार सगळ्यांमध्ये नसतात. करार नसेल तर पुन्हा रांग. म्हणून तिकीट काढताना दोन विमानांत पाऊण तास ठेवू नका, आणि पहिल्या विमानात मिळालेली पाण्याची बाटली उतरतानाच रिकामी करा.

११. खरोखर अन्याय झाला तर

होतो. काही जण उद्धटपणे वागतात, नियमाचा भलता अर्थ लावतात, वस्तू मोडतात. पण तपासणीच्या रांगेत तुम्ही वाद जिंकलात तरी विमान हरता. तिथे वरिष्ठांना बोलावण्याची विनंती एकदा करा, नाही जमलं तर पुढे जा आणि बाकावर बसून लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, रांगेचा क्रमांक, काय झालं, कोण काय म्हणालं. मोडलेल्या वस्तूचा फोटो घ्या. तपासणीचे फोटो काढू नका, बऱ्याच देशांत त्याला बंदी आहे.

तक्रार योग्य दारी गेली पाहिजे. तपासणी बहुधा विमान कंपनी करत नाही. सरकारी दल किंवा विमानतळाने नेमलेली संस्था करते. विमान कंपनीला लिहिलेलं पत्र त्यामुळे वाया जातं. मोठी बॅग उघडलेली आढळली आणि आत तपासणीची चिठ्ठी असेल, तर ती चिठ्ठी जपून ठेवा. नावात साधर्म्य असल्यामुळे अमेरिकेच्या प्रवासात दर वेळी अडवलं जात असेल, तर "डीएचएस ट्रिप" या सरकारी सोयीकडे अर्ज करता येतो. त्यात एक क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटांवर घालायचा.

१२. निघण्याआधीची मोजणी

ट्रे घेऊन पट्ट्यापाशीच बूट घालत बसू नका, मागच्यांची कोंडी होते आणि तुमचीही धांदल उडते. सगळं उचलून बाकावर जा. मग बसून मोजा: ओळखपत्र, मोबाइल, पाकीट, लॅपटॉप, घड्याळ, जाकीट, पट्टा. माझ्या बाबतीत सातवी गोष्टच राहते. तीन पट्टे मी असे वेगवेगळ्या विमानतळांना देऊन आलेय, आणि आता प्रवासाला इलॅस्टिकची पँट घालते.